शिवून गेलेली भोके

जुनी हस्तलिखिते संपादणाऱ्याला एक सोय असते. पोथी कसरीने खाल्ली असेल तर भोक दिसते. पानाचा कोपरा झिजला, शाई उडाली, मधले पत्र गहाळ झाले, तर तेवढी जागा मोकळी ठेवून 'त्रुटित' अशी नोंद करता येते, आणि वाचणाऱ्यालाही उमगते की येथे काही होते, ते आपल्यापर्यंत आले नाही. संगणकावर मुद्रित केलेल्या आवाजाला भोक पडते तेव्हा मात्र पुष्कळदा भोकाच्या दोन्ही कडा आपोआप एकमेकींना येऊन चिकटतात. ऐकणाऱ्याच्या कानी अखंड आवाजच येतो. फार तर एखादी बारीक 'टक्'. प्रस्तुत लेख अशा शिवून गेलेल्या भोकांविषयी आहे. विषय वरकरणी तांत्रिक आहे. परंतु पाठ, पाठभेद आणि प्रक्षेप यांच्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्यांना तो परका वाटू नये.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. गेली तीन वर्षे, सुट्ट्यांच्या सवडीने, भोर तालुक्यातल्या दोन गावांतील नऊ स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या मुद्रित करीत आहोत. या क्षेत्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जो संग्रह उभा केला तो एक लाख ओव्यांच्या वर जातो, आणि २०१७ पासून 'परी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या द्वारे तो टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला झाला आहे. त्या राशीपुढे आमचा उद्योग ओंजळभराचा. आमचा प्रश्नही लहान आहे: ओवीची लांबी आणि जात्याचा फेरा यांचे नाते काय? गाणारी बाई अर्धी ओळ पुन्हा म्हणते, मध्येच 'गं' किंवा 'बाई' घालते, एखादा स्वर ताणते, ते अर्थासाठी की दगडाच्या गतीसाठी? हे तपासायचे तर गळ्याचा आवाज आणि जात्याचा आवाज वेगवेगळ्या माइकवर पण एकाच वेळी घ्यावा लागतो. म्हणून लॅपटॉप, त्याला जोडलेली ध्वनिमुद्रणाची छोटी पेटी आणि दोन माइक असा आमचा संसार. काळ मोजणे हाच या कामाचा गाभा, आणि नेमका काळच गळून गेला.

गेल्या डिसेंबरात आम्ही गावी मुक्कामाला होतो. रात्री लॅपटॉपने आपणहून अपडेट घेतले, पहाटे आपणहून तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि सकाळी नेहमीसारखाच दिसला. त्या दिवशी एका आजींनी अडीच तास ओव्या सांगितल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण गळा स्वच्छ. आकृतीत आवाजाच्या लाटा व्यवस्थित उमटत होत्या, कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये काही वावगे नव्हते. (हेडफोन पेटीलाच लावलेले असतात, संगणकात शिरण्याआधीचा आवाज त्यांत ऐकू येतो.) पुढल्या खेपेस आमच्या प्रघाताप्रमाणे आम्ही ते मुद्रण त्यांना ऐकवले. तिसऱ्या का चौथ्या ओवीलाच त्यांनी हात वर केला. "बाई, थांबवा जरा. हितं म्या दम घेतला न्हवता." आम्ही तो तुकडा पुन्हा लावला. आम्हांला काहीच खटकेना. "न्हाई," त्या म्हणाल्या, "दळताना हात थांबत न्हाई, तर गळा कसा थांबंल? हितलं कायतरी गेलंय."

गेले होते. दोन्ही पट्ट्या मोठ्या करून पाहिल्या तेव्हा दिसले: लाट वर चढता चढता एकदम तुटते आणि भलत्याच उंचीवर पुढे सुरू होते. अडीच तासांत अशा जागा आम्ही मोजल्या त्या १४३. डोळ्यांना न दिसणाऱ्या किती असतील ते वेगळेच.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगायला हवे. नेहमीच्या मुद्रणात संगणक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो. पण तो ते एकेक करून उचलत नाही. ठरावीक संख्येची खेप भरली की ती एकदम उचलतो. या खेपेच्या भांड्याला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचे भांडे सुमारे ६ मिलिसेकंदांत भरते, १०२४ चे सुमारे २३ मिलिसेकंदांत. भांडे भरल्यावर संगणकाचा हात वेळेवर आला नाही, तर पुढचे नमुने ठेवायला जागा नसते आणि ते सांडतात. जात्याच्या तोंडात वैरण घालणारी बाई आठवावी. मूठ लहान असेल तर हात वारंवार यायला हवा. मूठ मोठी असेल तर तो थोडा रेंगाळला तरी चालते. फरक इतकाच की येथे हात दाणे घालणारा नसून पीठ भरून घेणारा आहे. आणि या हाताला दुसरीही शंभर कामे असतात. आपले सर्वसाधारण संगणक अमुक काम अमुक क्षणी करीनच अशी हमी देणारे नसतात. जाळ्याशी बोलणारे कार्ड, पडदा रंगवणारी चिप, डिस्क या सर्वांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या भागाला कार्यप्रणालीशी बोलते करणारे छोटे दुभाषे, मध्येच 'आधी माझे ऐका' म्हणून हात वर करतात. त्यांतला एखादा आगाऊ निघाला आणि दहावीस मिलिसेकंद बोलत राहिला, की तेवढ्यात गाणाऱ्याचा आवाज सांडून जातो. संगणक जुना किंवा मंद असावा लागत नाही. सरासरी वेगाचा येथे उपयोग नाही. एका क्षणाचा उशीर पुरेसा आहे.

मुद्रणतज्ज्ञ याला 'ड्रॉपआउट' म्हणतात. मराठीत आपण 'आवाज तुटला' म्हणतो, पण तुटलेले दिसते. 'गळती' अधिक बरे. शाळेतून गळणाऱ्या मुलांसाठीही इंग्रजीत आणि मराठीत हेच दोन शब्द आहेत, आणि आमच्या नऊ ओवीकारांपैकी सातजणी शाळेत गेल्याच नाहीत, तेव्हा गळण्याचाही प्रश्न आला नाही. असो.

आता आमच्या विषयाला भिडणारी गोष्ट. वीस-तीस मिलिसेकंद म्हणजे किती? दीर्घ स्वरातून तेवढे गेले तर कोणालाच कळणार नाही. परंतु 'त', 'प', 'क' यांचा स्फोट त्याहूनही कमी वेळाचा असतो, आणि महाप्राण व्यंजनातला श्वास काही दशक मिलिसेकंदांचाच. तो श्वास नेमका गळाला तर 'भाऊ'चा 'बाऊ' होतो, 'पाठ'चा 'पाट' होतो. एवढ्यावरही भागले असते, कारण ओवीत बहीण बाऊची वाट पाहत नाही हे कोणीही ओळखील. घोटाळा असा की बोलीच स्वतः हे करते. शब्दाच्या अंती 'पाठ'चा 'पाट' कित्येक तोंडी ऐकू येतो. 'आम्ही'चे 'आमी' होते. 'ह' तर बोलीत कधी असतो, कधी नसतो. लिप्यंतर करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीने एका ठिकाणी 'आमी' लिहिले आणि दुसऱ्या ठिकाणी 'आम्ही'. हा भेद आजींच्या उच्चारातला की यंत्राच्या गळतीतला? त्या मुद्रणापुरते या प्रश्नाला उत्तर नाही. पोथीतला लेखनिक चुकतो तेव्हा तो आपल्याच भाषेच्या वळणाने चुकतो, म्हणून त्याचे स्खलन ओळखणे अवघड जाते, हे आपण वर्गात शिकवतो. यंत्राला भाषा येत नाही. तरी त्याची गळती बोलीच्या लोपासारखी, गाणाऱ्याच्या विरामासारखी, म्हातारपणीच्या धापेसारखी दिसते. दोष यंत्राचा आणि तो नोंदला जाणार बाईच्या नावावर: 'येथे गायिकेचा दम तुटतो.' असे एक वाक्य आमच्या कच्च्या टिपणांत येण्याच्या बेतात होते, ते आजींच्या हाताने अडवले.

दुसरी हानी मोजमापाची. कडा चिकटतात म्हणजे मधला काळ नाहीसा होतो. जात्याचा फेरा जेवढ्या वेळाचा होता त्याहून आखूड दिसू लागतो. तीन फेऱ्यांत बसणारी ओवी आमच्या तक्त्यात पावणेतीन फेऱ्यांची झाली होती, आणि छंदःशास्त्रात रस असलेल्या माणसाला अशा पाऊण फेऱ्यावर एक सुंदर सिद्धान्त रचता आला असता!

मग शोध सुरू झाला. येथे एक पथ्य आम्ही पाठसंपादनाकडूनच घेतले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे. जाणकार मंडळी एकाच दमात दहा उपाय सांगतात. ते सगळे एकदम केले तर गळती कदाचित थांबते, पण कशाने थांबली ते कळत नाही आणि पुढल्या अपडेटनंतर तो माणूस पुन्हा शून्यावर उभा असतो. चाचणीसाठी आवाजही असा हवा की ज्यात विराम नाही. संगीत विभागातून इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी मागून आणली. ती अर्धा तास एकच स्वर धरून बसते. त्यात भोक पडले तर ते लपणार कुठे? मुद्रणासाठी ऑडॅसिटी ही मुक्त प्रणाली घेतली, कारण तिच्यात गळती ओळखण्याची सोय आहे: मुद्रणात आवाज हरवल्याचे तिला कळले तर त्या त्या जागी ती एक चिठ्ठी लावून ठेवते. संगणकाने लावलेली 'त्रुटित'ची खूणच ती. पण पहिल्याच चाचणीत चिठ्ठ्या निघाल्या ६ आणि आम्हांला लाटेत दिसलेली भोके होती २९. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रणालीपर्यंत पोहोचल्यावर जे सांडते त्याचाच तिला पत्ता असतो. त्याआधीच, ड्रायव्हरच्या पातळीवर, जे गळाले ते आलेच नव्हते असे ती धरून चालते. परंपरेच्या ज्या टप्प्यावर पाठ हरवला त्याच्या पुढच्या लेखनिकाला तो हरवल्याचेही ठाऊक नसते, तसेच.

भांडे २५६ वरून १०२४ केले. भोके २९ वरून ११ वर आली. या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. भांडे लहान ठेवावे असा सल्ला सर्वत्र मिळतो, पण तो गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून ऐकायचा असतो तेव्हाचा. भांडे मोठे असले तर तो आवाज उशिरा येतो आणि गाणारा गोंधळतो. आमच्या आजी हेडफोन लावत नाहीत, त्या जाते ऐकतात. आवाज फाइलीत पाव सेकंद उशिरा पोहोचला तर आमचे काही बिघडत नाही. नुसते मुद्रणच करायचे असेल तर भांडे खुशाल मोठे असावे.

पण भांडे मोठे करणे म्हणजे गळक्या छपराखाली मोठे घमेले ठेवणे. डिसेंबरापूर्वी याच लॅपटॉपवर, याच पेटीवर, २५६ वरच, एकही भोक नव्हते. बदलले काय? ड्रायव्हरांच्या यादीत गेलो तेव्हा पहिला धागा मिळाला. मुद्रणपेटीच्या निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर जाऊन तेथे कोणत्याही पेटीला चालेल असा सर्वसाधारण ड्रायव्हर बसला होता. निर्मात्याचा पुन्हा बसवला: भोके ४. मग लेटन्सीमॉन नावाची छोटी तपासनी चालवली. कोणता ड्रायव्हर संगणकाला किती वेळ अडवून धरतो ते ती मोजते. सर्वांत आगाऊ निघाला तो बिनतारी जाळ्याचा ड्रायव्हर, तोही अपडेटमध्ये नव्याने आलेला. वाय-फाय बंद करून चाचणी घेतली: भोक १. राहिलेले एक भोक दर वेळी मुद्रण सुरू झाल्यावर काही मिनिटांनी पडे, आणि त्याने आम्हांला चार दिवस छळले. अखेरीस ते विजेच्या बचतीत सापडले. अपडेटने वीजवापराची मांडणी मूळपदावर नेली होती आणि पेटी ज्या खाचेत लावलेली असते त्या यूएसबी खाचेला डुलकी घेण्याची मुभा दिली होती. ती मुभा काढून घेतली. त्यानंतर श्रुतिपेटीचा अर्धा तास, मग एक तास, मग रात्रभर आठ तास: अखंड.

अपडेट वाईट असे आम्ही म्हणणार नाही. सुरक्षेची छिद्रे बुजवण्यासाठी ती लागतातच. पण प्रत्येक अपडेट हा संगणकाच्या अंतर्गत पाठाचा नवा संपादक असतो, आणि तो आपण केलेल्या दुरुस्त्या प्रक्षिप्त समजून काढून टाकतो. मुक्कामाला निघण्यापूर्वी ती काही आठवडे पुढे ढकलून ठेवावीत, घरी परतल्यावर घ्यावीत, आणि घेतल्यावर श्रुतिपेटी लावावी.

एक गोष्ट आणखी सापडली. ती गळती नव्हे, पण आम्हांला गळतीहून भयानक वाटते. जात्याच्या पट्टीवर घरघर मधूनमधून विरळ होत होती. तुटत नव्हती, विझत होती आणि पुन्हा पेटत होती. ड्रायव्हर बदलूनही ते गेले नाही. शेवटी कळले की माइकच्या मांडणीत 'आवाज सुधारण्याची' सोय चालू झाली होती. दूरस्थ सभांसाठी ती उपयुक्त असते. ती माणसाचा आवाज कोणता हे ओळखते आणि त्यामागे सतत चाललेला एकसुरी आवाज, म्हणजे पंखा, वाहतूक, पावसाची रिपरिप, कचरा म्हणून पुसून टाकते. जाते हा सतत चालणारा एकसुरी आवाज आहे. सुधारणेने ते पुसले. ओवी ज्याच्यामुळे जन्मली, जिची लांबी ज्याने ठरवली, तेच गोंगाट ठरले. ओव्यांच्या छापील संग्रहांत जाते नसते हे आपल्याला ठाऊक आहे. कागदावर ते येणारही कसे? पण निदान ध्वनिमुद्रणात तरी ते येईल या आशेने आम्ही दुसरा माइक घेतला होता. ही सोय एका खुणेने बंद होते. ती चालू आहे हे कोठेही सांगितलेले नसते.

यंत्र दुरुस्त झाले. अडीच तास मात्र दुरुस्त झाले नाहीत, आणि होणार नाहीत. फेब्रुवारीत आम्ही आजींकडे परत गेलो. त्यांनी पुन्हा सांगितले, तितक्याच उत्साहाने. पण त्याच ओव्या त्यांनी त्याच शब्दांत सांगितल्या नाहीत. डिसेंबरात जेथे थोरल्या भावाचे नाव होते तेथे आता धाकट्याचे आले. एका ओवीचा उत्तरार्ध सर्वस्वी निराळा. मौखिक परंपरेत हे स्वाभाविक आहे, आम्ही ते शिकवतोही. परंतु हातात १४३ भोके असताना ते स्वाभाविक वाटत नाही.

येथे आम्हां दोघांत मतभेद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. एकाचे म्हणणे, जेथे दोन्ही मुद्रणे शब्दशः जुळतात तेथे फेब्रुवारीतला तुकडा डिसेंबरच्या भोकात बसवावा. गाणारी तीच, ओवी तीच, जाते तेच. दुसरीचे म्हणणे, दिवस तोच नाही. फेब्रुवारीचा 'भा' डिसेंबरच्या 'ऊ'ला जोडून जो 'भाऊ' तयार होईल तो त्या बाईने कधीच उच्चारलेला नाही. पहिल्याने विचारले, मग कोणत्या चिकित्सक आवृत्तीतला सलग पाठ कोणत्या एका पोथीत जसाच्या तसा सापडतो? प्रश्न बिनतोड आहे. त्यावर दुसरीचे उत्तर असे की तेथे निदान पानाच्या तळाशी पाठभेद दिलेले असतात. आवाजाला तळ नाही. एकदा सांधा जुळला की ऐकणाऱ्याला तो उकलता येत नाही. यंत्राने नकळत जे शिवले तेच आपण जाणून शिवायचे काय?

तूर्तास आम्ही महानुभावांचा आधार घेतला आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. आणि ते करताना एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तेव्हा त्यांनी एक पुसून दुसरी ठेवली नाही, तर 'वासना' म्हणून त्या त्या माणसाच्या नावाने वेगळा पाठ नोंदवला. डिसेंबरची फाइल आम्ही आहे तशी ठेवली आहे. तिच्या सोबत चिठ्ठ्यांची स्वतंत्र पट्टी आहे. प्रत्येक भोकाची वेळ तीत दिली आहे. लिप्यंतरात त्या जागी कंस आणि आत काही नाही. फेब्रुवारीचा पाठ खाली, 'वासना' या मथळ्याने. फेऱ्यांच्या तक्त्यातून डिसेंबरच्या साऱ्या नोंदी वगळल्या आहेत. ज्या 'आमी'विषयी निर्णय होत नाही तेथे तो होत नाही असेच लिहिले आहे.

एक ओवी मात्र फेब्रुवारीत आलीच नाही. डिसेंबरात तिच्या दुसऱ्या ओळीत जवळजवळ एक सेकंद गेलेला आहे, सलग अनेक खेपा सांडल्यामुळे. पहिली ओळ ऐकवून आजींना विचारले, पुढे काय होते? त्यांनी डोळे मिटून दोनदा मनाशी म्हणून पाहिले. "तवा आलं ते आलं," त्या म्हणाल्या. "आता दुसरंच येतंय. ते घ्या पाहिजे तर." ते घेतले आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचे ठरले आहे. या वेळी लॅपटॉपशेजारी हातात मावणारा एक साधा रेकॉर्डरही चालू ठेवणार आहोत, ज्याला अपडेट येत नाहीत.